न परतलेले नऊ

कुष्ठरोगाच्या दवाखान्यात पायाच्या जखमा धुणाऱ्याला ड्रेसर म्हणतात. मी तेच काम करत असे. पुढे एक कोर्स केला, कागदावरचं पद बदललं. पण पेशंट शेवटपर्यंत ‘पायवाले दादा’ म्हणत राहिले, आणि खरं तर तेच बरोबर होतं. मिशनचा दवाखाना. सकाळची उपासना आटोपली की ओळीने प्लास्टिकचे टब मांडायचे, त्यांत साधं पाणी ओतायचं आणि एकेकाला बाकावर बसवून पाय बुडवायला सांगायचं. वीस मिनिटं. पाणी गरम करायचं नाही, कारण ज्याला ऊब कळत नाही त्याचा पाय गरम पाण्यात भाजून निघतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. पाय भिजला की मऊ झालेला घट्टा खरबरीत दगडाने घासायचा, जखमेच्या कडेची मेलेली कातडी ब्लेडने उतरवायची, जखम स्वच्छ करून पट्टी बांधायची. बाकीच्या ओल्या पायावर तेल चोळायचं, म्हणजे भिजलेल्या कातडीतला ओलावा आत राहतो. पाहणाऱ्याला यात फारसं कौशल्य दिसत नाही.

लोकांना वाटतं या रोगात बोटं झडतात. झडत नाहीत. 1873 साली नॉर्वेच्या हान्सेनने शोधलेला हा जंतू कातडीत आणि नसांत घर करतो. घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्याकडे उतरणारी नस निकामी झाली की तळवा बधिर होतो, आणि पुढचं सगळं नुकसान त्या बधिरपणातून होतं. काटा मोडला, खिळा घुसला, तरी माणूस चालत राहतो. काटा तरी डोळ्यांना दिसतो. साधं चालणंच जास्त घातक. आपण सगळे चालताना नकळत भार बदलत असतो. अंगठ्याखाली हुळहुळलं की टाचेवर रेलतो, थोडं लंगडतो, बसतो. बधिर पाय तसं काही करत नाही. तो त्याच जागी, त्याच जोराने, पावलामागून पाऊल पडत राहतो. आतलं मांस चेचलं जातं आणि एक दिवस जखम आतून वर फुटते. पेशंट म्हणतो, काल तर काही नव्हतं.

हे नीट उलगडलं ते डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 साली जन्मलेला हा माणूस 1946 मध्ये वेल्लोरला आला आणि वाकड्या बोटांवर स्नायूबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया करू लागला. बरे झालेल्या पेशंटांची बोटं रात्रीतून कमी कशी होतात, हे कोडं काही सुटेना. शेवटी एकाने जागून पाहिलं, तर झोपलेल्या माणसाची बोटं उंदीर कुरतडत होता. तेव्हापासून पेशंट घरी निघाला की बरोबर मांजर द्यायची पद्धत पडली. एकदा दमलेल्या ब्रँडना स्वतःचीच टाच बधिर वाटली, सुई टोचली तरी कळेना. ती रात्र आपल्याला रोग झाला या धास्तीत गेली. सकाळी पुन्हा टोचली तेव्हा कळ आली आणि त्यांनी देवाचे आभार मानले. वेदना हे देवाचं देणं आहे असं ते पुढे लिहीत-बोलत राहिले. मला ते पटतं, पण पेशंटसमोर ते वाक्य उच्चारायची माझी हिंमत नाही. ज्याला ते देणं मिळालेलं नाही त्याला त्याची किंमत सांगून काय करायचं?

या कामातली गोम मात्र इथेच आहे. ज्याला दुखत नाही तो तक्रार करत नाही. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात हात जड पडला की पेशंट ओरडतो, शिव्या देतो, नातेवाईक धावून येतात. आमच्याकडे माणूस बाकावर बसून शेजारच्याशी उसाच्या भावावर बोलत असतो आणि खाली त्याच्या तळव्यात ब्लेड चालू असतं. जखमेत सळई घालून खोली पाहावी लागते. टोकाला हाड लागलं तर ते बोटांना लगेच कळतं आणि डॉक्टरांना सांगावं लागतं, कारण हाड सडलं असेल तर नुसती पट्टी काही कामाची नाही. ही सळई एखाद्या दिवशी घातली नाही तर कोणाला कळेल? पेशंटला नाही. डॉक्टर पट्टी बांधलेला पाय पाहतात, त्यांनाही नाही. वर पांढरीशुभ्र पट्टी आहे, रजिस्टरमध्ये ‘ड्रेसिंग केले’ असं लिहिलेलं आहे. महिन्यांनी हाड कुजलेलं निघेल, तेव्हा दोष रोगाच्या माथी मारायला रोग तयारच आहे.

पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिताना दासांना तोंडदेखल्या चाकरीबद्दल बजावलं आहे: माणसांच्या नजरेपुरतं करू नका, प्रभूसाठी म्हणून करा. शब्बाथशाळेत हे वचन पाठ केलं तेव्हा त्यात शाळेच्या मॉनिटरपलीकडचा काही अर्थ दिसला नव्हता. सळई हातात आल्यावर दिसला. जिथे कोणीच पाहू शकत नाही, आणि ज्याच्यावर काम चाललं आहे त्यालाही कळू शकत नाही, तिथे मी सोडून एकच पाहणारा उरतो. मला देवभीरूपणाचा मोठा अनुभव सांगता येणार नाही. पण रोज सळई घालायची, हा माझा नेम त्या पाहणाऱ्यासाठी होता, एवढं नक्की सांगता येईल.

पण या वचनाबद्दल आमच्या घरात भांडण होतं, तेही सांगायला हवं. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या प्रवरेकाठच्या गावचे. त्यांचे वडील येसकर. गावाची वेस राखायची, सरकारी सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं, आणि संध्याकाळी दारोदार उभं राहून भाकरी मागायची. ती मजुरी नव्हती, हक्कही नव्हता, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. मिशनच्या शाळेमुळे आणि बाप्तिस्म्यामुळे आजोबा त्या चाकरीतून सुटले. महार वतन कायद्याने गेलं ते 1958 साली. आमच्या घरातून ते एक पिढी आधी गेलं. म्हणून उपदेशात पाळकसाहेब ‘दास’, ‘चाकर’ असं म्हणू लागले की आजोबा मान दुसरीकडे करत. घरी आल्यावर म्हणत, “गावचं गडीपण सुटावं म्हणून देवळात आलो, आणि इथं पुन्हा तेच?”

आजोबांना उत्तर द्यायची माझ्या वडिलांची एक रीत होती. ते वाद घालत नसत. योहानाचा तेरावा अध्याय उघडून देत. शेवटच्या जेवणाच्या वेळी धनी उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि चाकरांचे पाय धुतो. पेत्र संकोचतो, नको म्हणतो, तेव्हा धनी त्याला अडवतो. वडील एवढंच म्हणत, “आपल्या गावचा कुठला पाटील असा बसला होता, सांगा.” आजोबा गप्प बसत, पटलं म्हणून की मुलाच्या तोंडी कशाला लागा म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. पण मी पायांच्या कामात गेलो तेव्हा घरात सगळ्यांत अवघडून गेले ते आजोबाच. मेलेलं ओढायचं काम सुटलं आणि नातू लोकांची मेलेली कातडी काढतो, हे त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. मी त्यांना सांगितलं होतं की इथे पगार आहे, रजा आहे, आणि नोकरी सोडायची मुभा आहे. त्यातलं शेवटचं त्यांना सर्वांत जास्त पटलं.

पगाराचा विषय निघालाच आहे. मंडळीत कोणी माझी ओळख करून देताना ‘हे देवाची सेवा करतात’ असं म्हणतात तेव्हा मला हमखास पगाराचा दिवस आठवतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडला, संन्यासी वृत्ती धरली आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला. पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला त्या वैराग्याचा संसार आला. टिळकांची पदं म्हणत आमची सकाळची उपासना होत असे आणि नंतर आम्ही सगळे हजेरीपटावर सह्या करत असू. मला त्यात विसंगती वाटत नाही. पगार घेणारा माणूस उद्या पुन्हा येणार आहे, हे पेशंटला माहीत असतं. हौसेने सेवा करायला आलेले पुष्कळ जण मी पाहिले, चांगले होते बिचारे. पण जखमेला दर दोन दिवसांनी माणूस लागतो आणि हौसेला सुट्ट्या असतात.

देवळात विश्वासू दासावरचा उपदेश म्हटला की बहुतेक वेळा मत्तयाचा पंचविसावा अध्याय निघतो. धनी परगावी जाताना चाकरांकडे पैसा सोपवतो. दोघे त्याचे दुप्पट करतात आणि शाबासकी मिळवतात, तिसरा पुरून ठेवतो आणि बोलणी खातो. पाळकसाहेबांना हा दाखला सोयीचा पडतो, कारण त्यातून मंडळीचा अहवालही मांडता येतो: किती बाप्तिस्मे, किती वर्गणी, किती नव्या खुर्च्या. आमच्या खात्यात दुप्पट काही होत नसे. जखम भरायची, पुन्हा फुटायची. भरलेल्या जागेची कातडी पहिल्यासारखी लवचिक नसते, नस परत येत नाही, आणि माणसाला पोटासाठी चालावंच लागतं. एकच तळवा मी इतक्या वेळा बरा केला आहे की त्या हिशेबाने मी तिसऱ्या चाकरातच जमा व्हावा. जेवढं दिलं तेवढं परत, वाढ शून्य.

एक ऊसतोड कामगार होता, बीडकडचा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, दसरा उलटलेला, टोळी निघायच्या बेतात, आणि अंगठ्याच्या मुळाशी जखम. याला उत्तम इलाज म्हणजे पायाला घट्ट बसणारं प्लास्टर. भार सगळ्या तळव्यावर वाटला जातो आणि साधारण सहा आठवड्यांत जखम भरून येते. जखमेला मलमापेक्षा विश्रांती लागते, हे ब्रँड आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलेलं सत्य मी त्याला माझ्या भाषेत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. “सहा आठवडे बसलो तर उचल तुम्ही फेडता का दादा?” असं त्याने रागाने नाही, चौकशी केल्यासारखं विचारलं.

नियमाचा माणूस इथे हात झटकतो. सल्ला दिला, पेशंटने नाकारला, तशी नोंद केली. तो तोंडदेखलेपणाचाच एक सभ्य प्रकार आहे, असं माझं मत बनत गेलं आहे. आमच्या चप्पल विभागातला कारागीर आणि मी, दोघांनी मिळून एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची जाड चप्पल केली, जखमेखालची जागा पोकळ ठेवली, वर काटा घुसू नये म्हणून खाली कडक तळ लावला. बायकोला बोलावून शिकवलं: रोज संध्याकाळी पाय पाण्यात, मग तुझ्या हाताची मागची बाजू तळव्यावर फिरव, कुठे शेजारच्या जागेपेक्षा गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी याला मोळ्या वाहू देऊ नको, तोडायला बसव. बधिर पायाला दुखणं कळत नसलं तरी जागा आधी तापते, आणि ते दुसऱ्याच्या हाताला कळतं. ते दोघे गुढीपाडव्याच्या सुमारास परत आले. जखम होती तेवढीच होती. आमच्या खात्यात याला यश म्हणतात.

बायकांच्या बाजूला एक आजी होत्या. बोटं वळलेली, नवऱ्याने घरातून काढलेलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते 2019 मध्ये काढलं. आजींना कोर्टाची पायरी न चढताच वाटेला लावलं होतं, त्यामुळे त्या दुरुस्तीचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. नाताळ जवळ आला की दवाखान्यात पाहुणे यायचे, केळी, चादरी, कधी कॅमेरा. कॅमेरा दिसला की आजी दोन्ही हात पदराखाली घेत. अशाच एका दिवसानंतर पाय टबात असताना त्यांनी मला विचारलं, “का रे बाबा, हे तू माझ्यासाठी करतोस का तुझ्या देवासाठी?”

मी म्हटलं, दोघांसाठी.

“मग माझ्या वाटणीचं आधी कर. तुझा देव काय, थांबंल.”

हसून सोडून देण्यासारखं होतं, पण सुटलं नाही. देवाला प्रसन्न करायला निघालेल्या माणसाच्या हातून एक गोष्ट फार सहज होते: समोरचा माणूस त्याच्या पुण्याच्या जिन्याची पायरी होतो. पायरीला हे कळतं. जिला तळव्याखालचं कळत नव्हतं त्या बाईला हे बरोबर कळत होतं. ख्रिस्ती माणसाला तर याची आयती सोय आहे, कारण भुकेल्याला, उघड्याला, आजाऱ्याला केलेलं ते मलाच केलं असं प्रभू म्हणतो, तेव्हा आजींच्या जागी ख्रिस्त पाहावा असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण तो भाग नीट वाचला तर गंमत दिसते. ज्यांनी खायला घातलं, कपडे दिले, ते निवाड्याच्या दिवशी गोंधळून जातात. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं, असं विचारतात. म्हणजे करताना त्यांच्या मनात तो नव्हताच. त्यांना समोर भुकेला दिसला, त्यांनी भाकरी दिली, संपलं. आणि हा भाग आहे कुठे? त्याच पंचविसाव्या अध्यायात, पैशाच्या दाखल्याला लागूनच. उपदेश तिथपर्यंत पोचेस्तोवर बहुधा दानाची थैली फिरायची वेळ होते.

मला आधार मिळाला तो मात्र लूककडून. सतराव्या अध्यायात एक दाखला आहे, त्यावर उपदेश मी क्वचितच ऐकला. चाकर दिवसभर नांगरून किंवा गुरं राखून घरी येतो. धनी त्याला ये, जेवायला बस असं म्हणतो का? नाही. आधी माझं ताट वाढ म्हणतो. आणि वाढल्यावर त्याचे आभार मानतो का? तेही नाही. सांगितलं होतं ते केलं, एवढंच चाकराने म्हणावं. आजोबांच्या रागाला इतकं खाद्य दुसऱ्या कुठल्या वचनात नसेल. मीही हे पुष्कळ वर्षं टाळून पुढे जात असे.

पुढे जायचं म्हणजे कुठे, तर लगेच पुढच्याच ओव्यांत दहा कुष्ठरोगी आहेत. शोमरोन आणि गालीलच्या हद्दीवर ते लांबूनच हाक मारतात, येशू त्यांना याजकाकडे जायला सांगतो, आणि वाटेतच ते बरे होतात. एक जण, तोही परका शोमरोनी, परत येऊन पायांवर पडतो. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. (बायबलमधला कुष्ठरोग म्हणजे आजचा हान्सेनचा रोग नव्हे, कातडीच्या निरनिराळ्या विकारांना ते नाव होतं, असं जाणकार सांगतात. आम्हा कुष्ठरोगवाल्यांना ते सोडवत नाही, हा भाग वेगळा.)

या नऊ जणांवर मात्र भरपूर उपदेश होतात आणि सगळे एकजात त्यांना कृतघ्न ठरवतात. माझी सहानुभूती पहिल्यापासून नवांकडे. एक तर त्यांना सांगितलं होतं तेच ते करत होते. याजकाने पाहून शुद्ध ठरवल्याशिवाय गावात पाऊल टाकता येत नव्हतं. तो दाखला घ्यायला ते पळत सुटले असतील. घरी बायको असेल, लेकरं असतील. बारा महिने औषधाची पाकिटं घेऊन, क्लोफाझिमीनने काळवंडलेलं तोंड लपवत फिरलेल्या तरुणाला ‘तुझा कोर्स संपला’ असं सांगितल्यावर तो दाराबाहेर कसा पडतो, हे मी पाहिलं आहे. तो मागे वळून पाहत नाही. गावात कोणी विचारलं तर आमच्या दवाखान्याचं नावही घेत नाही. लग्नपत्रिका पाठवत नाही; पाठवली आणि आम्ही गेलो तर मांडवात कोणीतरी विचारणार, हे कुठले पाहुणे?

आणि आमच्याकडे परत येणं म्हणजे काय? परत येतो तो जखम घेऊन येतो. भेटायला, पेढे द्यायला येणारे हाताच्या बोटांवर मोजावेत. ज्याचा पाय टिकला, ज्याने रोज पाहिला, भिजवला, तेल लावलं, जो विहिरीवर, दुकानावर, फडात कामाला लागला, तो आमच्या रजिस्टरमधून गायब होतो. रजिस्टरमध्ये ज्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात ते आमचे अपुरे राहिलेले. नऊ कुठे आहेत या प्रश्नाला आमच्या खात्याचं उत्तर आहे: साहेब, बरे आहेत, म्हणूनच आले नाहीत.

प्रश्न येशूने विचारला आहे हे मी विसरत नाही. तो विचारू शकतो. नवांशी त्याचा हिशेब आहे. माझा नाही. मी आधीच्या दाखल्यातला, नांगरून आलेला. लूकने ही दोन प्रकरणं शेजारी मुद्दाम ठेवली की ती तशी पडली, ते पंडितांनी सांगावं. माझ्यासारख्या माणसाला ती ओळीने वाचली की एवढं कळतं: चाकराने आभाराची वाट पाहत दारात उभं राहायचं नाही, हे सांगून झाल्यावर मगच आभार मानणाऱ्याची गोष्ट सांगितली आहे. ताट वाढण्याचा तो कोरडा दाखला, जो मला कठोर वाटे, तो या कामात फार मोकळं करणारा निघाला. देवाला प्रसन्न करायचं ठरवलं की पेशंटला, डॉक्टरला, पाहुण्यांना प्रसन्न करायची उसाभर उरत नाही. मग पेशंट खेकसला तरी चालतं आणि विसरला तर उत्तमच.

पवित्र गुरुवारी वसईकडच्या कॅथलिक देवळांत फादर बारा जणांचे पाय धुतात. 2016 पासून त्यात बायकांनाही बसवायला तेव्हाच्या पोपसाहेबांनी मुभा दिली. एका वर्षी एका पाहुण्या मंडळीत मलाही बाकावर बसवलं होतं. सगळ्यांनी घरून पाय धुऊन, नखं कापून आणलेले. मला वाईट वाटलं असं नाही, हसू आलं. पेत्राच्या पायांवर दिवसभराची धूळ होती म्हणून तर तो संकोचला ना? धुतलेले पाय धुवायला फारसं काही लागत नाही. पण विधीला विधीचं काम असतं. माझ्या शेजारी बसलेल्या पोराने फादरांचे हात पायाला लागताच पाय मागे ओढला. तेवढ्यापुरता तो पेत्र झाला.

डिसेंबर 2005 पर्यंत देशात कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, असं ते माप होतं. औषधाने केलेली ती खरी किमया होती, त्यात शंका नाही. पण दूरीकरण म्हणजे रोग संपला असा अर्थ लोकांनी घेतला, देणग्या आटल्या, वेगळे कर्मचारी इतर कामांत गेले. आजही देशात वर्षाला नवे रुग्ण लाखाच्या घरात सापडतात. आणि औषध जंतू मारतं, नस परत देत नाही. जंतू जाऊन दशकं झालेले बधिर तळवे खेडोपाडी चालत आहेत.

त्यांतली एक जोडी एका वारकरी बाबांची. जत भागातले, तुळशीची माळ, उजव्या टाचेची जुनी जखम मोठ्या मुश्किलीने भरलेली. ज्येष्ठात येऊन म्हणाले, माउली, औंदा वारीला जायचंय. एसटीने नव्हे, दिंडीबरोबर, पायी. मी कपाळाला हात लावला. टाचेची कातडी अजून कोवळी, पावसाचा चिखल, रोजचे मैलोन् मैल. मी म्हटलं, तुमच्या देवाला पाय झिजवून घ्यायचेत आणि माझ्या देवाने मला ते राखायला बसवलंय, आता कोणाचं ऐकायचं? ते म्हणाले, “दोघांना भांडू द्या. तुम्ही चप्पल करा.”

त्यांना जाऊ नका म्हणायचा मला अधिकार होता, पण त्या अधिकाराचा वापर करावासा वाटला नाही. ज्याने आयुष्यभर आपल्या धन्यासाठी चालायचं ठरवलं आहे त्याला दुसऱ्या धन्याच्या चाकराने अडवणं मला जमलं नाही. मी अटी घातल्या. अभंगाला थांबाल तिथे बसायचं. मुक्कामाला पाय भिजवायचे. पुतण्या बरोबर आहे, त्याने रोज टाचेला हात लावून पाहायचा, तापली असेल तर दुसऱ्या दिवशी सामानाच्या ट्रकमध्ये बसायचं आणि पांडुरंगाला तसं सांगायचं. कारागिराने टाचेला दुहेरी रबर घातलं. आमचे एक पाळक हे सगळं पाहत होते. मिशनचं रबर वारीला, असं थट्टेने म्हणाले. कारागीर म्हणाला, साहेब, पायाला काय ठाऊक?

आषाढी झाली, श्रावण गेला, बाबा आले नाहीत. भाद्रपदात पुतण्या एकटाच आला. टाच कशी आहे विचारलं तर म्हणाला, टाच ठीक आहे, दोन दिवस ट्रकमध्ये बसले होते, त्यावरून अजून मला बोलतात. मग पिशवीतून चपलांचा जोड काढून बाकावर ठेवला. पट्टा करकचून बसतो, सैल करून द्या, आणि पुढच्या वर्षाचा जोड याच मापाचा पण जरा हलका करा, असा बाबांचा निरोप होता. आणखी काही म्हणाले का, मी विचारलं. नाही, म्हणाला, परतीची एसटी चारची आहे, तेवढं लवकर बघा.